लक्ष्मीच्या यात्रेची पट्टी आणि दवाखान्याचं बिल

आमच्या गावच्या लक्ष्मीच्या यात्रेचा हिशोब मागच्या खेपेला माझ्याकडं होता. कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या निपाणीत मी दुकानदारांची जीएसटी रिटर्न भरायचं काम करतो, म्हणून पंचांनी वही माझ्याच हातात दिली. पट्टी कशी बसवायची यावर दोन रात्री बैठक चालली. शेवटी ठरलं ते जुन्यासारखंच. बागायतीला एकरी जास्त, जिरायतीला कमी, नोकरदाराला पगाराच्या अंदाजानं, आणि ज्याला जमीनच नाही त्याला घरामागं नावापुरती. गोळा करायची ती ऊस कारखान्याला जाऊन बिल हातात आल्यावर, म्हणजे लोकांकडं पैसा असतो तेव्हा. यात्रेच्या दिवशी पंगत बसली तेव्हा मात्र वाढप्यानं कुणालाच विचारलं नाही, "तुझी पट्टी किती होती?" ज्याला दोन पळ्या हुग्गी लागली त्याला दोन, ज्याला चार लागल्या त्याला चार.

कराच्या पैशातून आरोग्यसेवा चालवायची म्हणजे नेमकं हेच करायचं. देताना ऐपत बघायची, वाढताना भूक बघायची. आणि घ्यायचे ते माणूस धडधाकट, कमावता असताना. आजारी पडून खाटेवर आल्यावर नव्हे. तज्ज्ञ मंडळी याला जोखीम वाटून घेणं म्हणतात. आपल्याकडं त्याला सरळ पट्टी म्हणतात. घरपट्टी, पाणीपट्टी, यात्रेची पट्टी, सगळ्यांत तोच शब्द.

पण आपल्या देशात दवाखान्याच्या पंगतीत अजूनही वाढप्या आधी खिसा तपासतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांच्या आकड्यांनुसार 2013-14 साली आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर 100 रुपयांतले 64.2 रुपये लोक थेट खिशातून भरत होते. 2021-22 पर्यंत तो आकडा 39.4 वर आला. उतरला ही चांगलीच गोष्ट आहे. तरी शंभरातले चाळीस रुपये म्हणजे काय, हे ज्याच्या घरात माणूस खाटेवर पडलाय त्यालाच कळतं.

मला ते 2012 च्या पावसाळ्यात कळलं. आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूपानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, दोन बोटांत वळायचं, टोक नखानं आत दाबायचं आणि दोऱ्याची गाठ मारायची. एक बिडी झाली. अशा हजार झाल्या की हजारी मिळायची, त्यातून छाट, म्हणजे नापास केलेल्या, बिड्या वजा. घरभर जर्द्याची धूळ असायची; आम्ही भावंडं त्यातच जेवलो, त्यातच झोपलो. त्या पावसाळ्यात आईची धाप इतकी वाढली की रात्री तिला भिंतीला टेकवून बसवावं लागायचं. एका खासगी दवाखान्यात नेलं, तर काउंटरवर आधी 15 हजार भरायला सांगितले. वडील हातउसने मागायला बाहेर पडले, आणि मी भिशी उचलली. माझा नंबर अजून चार महिन्यांनी होता. दोघांच्या पाया पडून आधी घेतला.

त्या रात्री भिशीचं गणित मला पहिल्यांदा नीट समजलं. भिशीत शेवटी आपलेच पैसे आपल्याला मिळतात, फक्त एकरकमी. आजाराचं तसं नसतं. दहा घरांतल्या नऊ घरांना वर्षभर काहीच होत नाही आणि दहाव्या घरावर दोन लाखांचं बिल पडतं. त्या दहाव्या घरानं कितीही भिश्या लावल्या तरी ते भागत नाही. दहाही घरांनी थोडं थोडं घातलं, आणि ते परत मिळायची अपेक्षा न ठेवता घातलं, तरच भागतं. गाव लहान असेल तर एकाच वर्षी तीन मोठे आजार आले की तेही मोडतं. म्हणून ही पट्टी गावाची पुरत नाही, राज्याची आणि देशाची लागते.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी अजून बिड्या वळतात. मागं एकदा दवाखान्याच्या कार्डाच्या कामाला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "बाळा, टॅक्स भरणारी माणसं येगळी. आमच्याकडनं कुठला टॅक्स जातोय? आम्हाला मिळतंय ते सरकारच्या मेहरबानीनं."

मी विचारलं, "मावशी, काका दिवसाला किती बंडलं ओढतात?"

"दोन. सांगून सांगून थकले."

मी कॅल्क्युलेटर पुढं ओढला. 2017 साली जीएसटी आला तेव्हा बिडीवर 28 टक्के बसला, आणि त्या दिवशीही दर तोच होता. समजा बंडल 20 रुपयांचं आहे, तर त्यातले 4 रुपये 38 पैसे कराचे. दोन बंडलांचे पावणेनऊ, वर्षाचे तीन हजारांच्या वर. मोबाइलच्या 299 रुपयांच्या रिचार्जमधले साडेपंचेचाळीस रुपये कराचेच. बिस्कीट, साबण, चहापूड, पोराची चप्पल, सगळ्यात थोडा थोडा. मावशी बराच वेळ आकड्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे दवाखान्यात फुकट म्हणत्यात ते..." "फुकट न्हवं मावशी. पट्टी आधीच भरलीय."

फक्त ही पट्टी एकरी बसवलेली नाही. साबणाच्या वडीवर मावशींना जेवढा कर, तेवढाच बंगल्यातल्या माणसाला. मावशींच्या सगळ्या कमाईचा माल होतो आणि त्यातला बराच भाग कराच्या चाळणीतून जातो. बंगल्यातल्या माणसाच्या कमाईचा मोठा भाग जमिनीत, सोन्यात, शेअरमध्ये जातो. म्हणून आरोग्याचा सगळा भार वस्तूंवरच्या कराला टांगला तर पंगत सगळ्यांची आणि पट्टी गरिबाची असं होऊन बसतं. प्राप्तिकर, मालमत्तेवरचा कर यांचा वाटा त्यात हवाच. माझ्या धंद्यातल्या काही जणांना हे पटत नाही. मला मात्र यात शंका नाही.

आता तंबाखू. निपाणीत बसून यावर बोलणं सोपं नाही. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. ज्या पिकासाठी माणसं मेली आणि ज्याच्या वखारीत, ज्याच्या सुपावर आमच्या आयाबहिणींनी घरं चालवली, त्यावर कर वाढवा म्हणताना जीभ जड होते. तरी मी म्हणतो.

तंबाखूवरच्या करानं दोन कामं होतात. किंमत वाढली की पोरं सुरू करायला कचरतात आणि हातावर पोट असलेला माणूस आधी कमी करतो. शिवाय तिजोरीत पैसाही येतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की अशा मालाच्या किरकोळ किमतीतला किमान 75 टक्के भाग कराचा असावा. सिगारेटवर आपल्याकडं हा वाटा निम्म्याच्या आसपास राहिला, बिडीवर 28 टक्क्यांच्या जीएसटीनंतरही जेमतेम 22. आणि सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेनं बिडीचा दर 18 वर आणि तेंदूपानाचा 18 वरून 5 वर आणायचा निर्णय घेतला. कारण सांगितलं जातं ते रोजगाराचं. पण दर उतरला म्हणून मावशींची हजारी आपोआप वाढत नाही. स्वस्त होते ती काकांची बिडी.

मात्र दवाखाना कायमचा अशा करावर चालवायचा म्हटलं तर तिथं खड्डा आहे, आणि तो नीट बघायला हवा. कर यशस्वी झाला तर लोक बिडी सोडणार. बिडी सोडली की कर आटणार. मग नर्सबाईंचा पगार कशातून द्यायचा? लोकांनी जास्त बिड्या ओढाव्यात, असं तिजोरीला वाटायला लागलं तर सगळंच उलटं झालं. व्यसनावरचा कर हे औषध आहे. घरखर्च त्यावर चालवायचा नसतो.

थायलंडनं हे नीट ओळखलं. 2001 साली त्यांनी दारू आणि तंबाखूवरच्या करावर 2 टक्के अधिभार लावला आणि तो पैसा व्यसनमुक्ती, अपघात टाळणं, व्यायाम अशा आरोग्य राखायच्या कामांना बांधून दिला. त्याच वर्षी 30 बाटमध्ये उपचार ही योजना आली, पण तिचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण करांतून, दर माणशी ठरावीक रकमेच्या हिशोबानं दिला गेला. फिलिपाइन्सनं 2012 च्या कायद्यानं दारू-तंबाखूवरचा कर वाढवला आणि वाढीव रकमेतला मोठा वाटा आरोग्याला दिला. तिथं शिकण्यासारखं अजून एक आहे, ते म्हणजे कर रुपयांत ठरवला तर तो दरवर्षी वाढवायची तरतूद कायद्यातच हवी. नाहीतर महागाई त्याला आतून पोखरते.

ही पोखरण आम्ही घरात बघितली आहे. 1976 साली बिडी कामगारांसाठी दोन कायदे झाले, एक उपकराचा आणि एक कल्याण निधीचा. बिडीवर कारखान्यातच उपकर घ्यायचा आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, औषधं, पोरांच्या शिष्यवृत्त्या चालवायच्या. मला सातवीत त्यातली शिष्यवृत्ती मिळाली होती. त्या पैशांचं दप्तर आईनं अजून माळ्यावर ठेवलंय. पण उपकर होता हजार बिड्यांमागं पाच रुपये. बिडीची किंमत वाढत गेली, डॉक्टरची फी वाढत गेली, पाच रुपये पाचच राहिले. आणि 2017 साली जीएसटी आला तेव्हा बाकी अनेक उपकरांबरोबर हाही गेला. योजना पुढं सर्वसाधारण अंदाजपत्रकातून चालवायच्या ठरल्या.

कुणी म्हणेल, चांगलंच झालं, बिडीवरचं अवलंबित्व गेलं. अर्धं खरं आहे. पण नाव लावलेला पैसा होता तेव्हा बिडीवाली बाई दारात जाऊन म्हणू शकायची, "हा आमच्या बिडीचा पैसा आहे." मोठ्या तिजोरीत मिसळलेल्या पैशाला तसं नाव नसतं. दरवर्षी रस्ते, पाणी, शाळा, अनुदानं यांच्याशी भांडून तो मिळवावा लागतो. नाव लावलेल्या पैशाची खात्री असते पण तो तोकडा असतो. बिननावाचा पैसा मोठा असतो पण त्याची खात्री नसते. या विषयातली खरी ओढाताण हीच आहे.

नाव लावून भागतंच असंही नाही. घानानं आरोग्य विम्यासाठी व्हॅटसोबत अडीच टक्क्यांचा खास कर लावला होता, आणि 2017 साली तिथल्याच सरकारनं कायदा करून अशा राखीव निधींना कात्री लावली. आपल्याकडं प्राप्तिकरावर 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर 2018-19 पासून आहे. तुमचा कर 50 हजार झाला तर वर 2 हजार हा उपकर. त्यातला आरोग्याचा वाटा दरवर्षी बुडू नये म्हणून 2021 साली केंद्रानं प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी हे वेगळं खातं उघडलं, हे बरं केलं. पण उपकराची एक गोम आहे. केंद्राच्या साध्या करातले 41 टक्के राज्यांना वाटले जातात, उपकरातला एक पैसाही वाटणीत येत नाही. तेच 2 हजार साधा कर म्हणून घेतले असते तर 820 रुपये राज्यांकडं गेले असते. ही वाटणी ठरवणाऱ्या 15 व्या वित्त आयोगानं कर्नाटकाचा वाटा 3.647 टक्के धरला, म्हणजे त्यातले 30 रुपये बंगळूरला आले असते. आणि दवाखाने चालवतं कोण? घटनेनं सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्यांच्या यादीत घातलेत. म्हणजे स्वयंपाक राज्यानं करायचा आणि आरोग्याच्या नावानं घेतलेली पट्टी दिल्लीच्या डब्यात.

आम्हा सीमेवरच्या लोकांना कराचं अजून एक अंग रोज दिसतं, जे बंगळुरात किंवा मुंबईत बसून दिसत नाही. कर हद्दीला थांबतो, माणूस थांबत नाही. पेट्रोलवरचा कर राज्याराज्याचा वेगळा, म्हणून वर्षानुवर्षं कोल्हापूरकडच्या गाड्या कोगनोळीचा नाका ओलांडून आमच्या बाजूच्या पंपावर टाकी भरतात. दारूचं तसंच. गोव्यात कर कमी, म्हणून तिकडचा माल चोर्ला घाट चढून कणकुंबी, खानापूरकडं चोरून येतो आणि नाक्यावर पकडलेल्या पेट्यांचे फोटो पेपरात येतात. एकाच राज्यानं दारूवरचा कर आरोग्यासाठी म्हणून खूप वाढवला, तर सीमेवरच्या तालुक्यात दारू कमी होईलच असं नाही. ती शेजारच्या राज्यातून येईल आणि कर तिकडं जाईल. असे कर शेजाऱ्यांनी मिळून, एकमेकांच्या जवळ ठेवले तरच काम करतात.

आणि रुग्णही हद्द मानत नाही. निपाणी-चिकोडीचा माणूस कोल्हापूरला, सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातो, अथणी-कागवाडचा मिरजेला. उलट महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ, म्हणून तो इकडं येतो. 2023 साली महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकानं हरकत घेतली. हद्दीचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालावर माझ्या या लेखाचं काही अडलेलं नाही. मला हिशोबाचंच सांगायचंय. निपाणीच्या माणसानं लग्नाचा 20 हजारांचा फ्रिज कोल्हापूरच्या दुकानातून उचलला आणि बिलावर निपाणीचा पत्ता घातला नाही, तर त्यावरच्या 3,600 रुपये जीएसटीतले 1,800 महाराष्ट्राला जातात. चंदगडच्या माणसानं बेळगावात तसाच घेतला तर 1,800 कर्नाटकाला. म्हणजे दोन्ही बाजूंनी दोन्हीकडं पट्टी भरलेली आहे. कुणी कुणाच्या पंगतीत आगंतुक नाही. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाचं आयुष्मान कार्ड देशभर चालतं, ही सोय म्हणूनच आम्हाला फार मोलाची.

विम्याच्या योजनांबद्दल थोडक्यात. कर्नाटकात 2003 साली सहकारी सोसायट्यांच्या सभासदांसाठी यशस्विनी सुरू झाली, तेव्हा माणशी वर्षाला 60 रुपये घेत होते आणि तरी सरकारला वरून भर घालावीच लागली. 2018 साली ती 'आरोग्य कर्नाटक' या सरकारी योजनेत विलीन झाली, पुढं मागणी होऊन पुन्हा सुरू करावी लागली. यातून एवढं कळतं, की गरीब शेतकऱ्याच्या हप्त्यावर शस्त्रक्रिया भागत नाहीत, कराचा पैसा लागतोच. आज बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं कवच आहे; रेषेवरच्या एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या 30 टक्के, तेही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. यामुळं अनेकांचे जीव वाचले, अनेकांच्या जमिनी वाचल्या. पण हे कवच मुख्यतः दवाखान्यात भरती झालेल्याला. रक्तदाब आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, खोकल्याची बाटली, बसभाडं हे सगळं बाहेर राहतं, आणि लोकांचा खिसा गळतो तो जास्त तिथंच.

टिकाऊ हा शब्द मला इथं महत्त्वाचा वाटतो. रक्तदाबाच्या गोळीवर आज खर्च केला नाही तर उद्या लकव्याच्या पेशंटवर लाखाचं पॅकेज भरावं लागतं, आणि ते भरणारीही तीच तिजोरी. कर कितीही गोळा करा, पैसा शेवटच्या टोकाला ओतत राहिलो तर तो कधीच पुरणार नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, 2025 पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करायचा आणि राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या 8 टक्क्यांहून जास्त आरोग्याला द्यायचे. 2021-22 चा सरकारी खर्च 1.84 टक्के होता, आणि ते वर्ष कोरोनाचं होतं. त्याच धोरणात असंही म्हटलंय, की यातला दोनतृतीयांश किंवा जास्त पैसा प्राथमिक सेवेला, म्हणजे गावच्या दवाखान्याला जावा. अडीच टक्क्यांची चर्चा होते. या वाक्याची कुणी करत नाही.

15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याकरता 70,051 कोटी रुपये ठेवले होते. आपल्याकडं त्यातलं काय आलं, म्हणून मी मागच्या ग्रामसभेत उभा राहिलो. पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, वही मागवली. उपकेंद्राच्या दुरुस्तीचा आकडा वाचून दाखवला. औषधांच्या रकान्यात त्यांचं बोट थांबलं. मावशी बायकांच्या ओळीत पुढंच बसल्या होत्या. गावच्या दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या महिन्यातही वीस तारखेलाच संपल्या होत्या. त्यांनी पिशवीतनं गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं, वर धरलं आणि म्हणाल्या, "सायेब, पट्टी आम्ही भरलीय. हे कधी मिळणार तेवढं सांगा."

पीडीओंनी पाकिटावरचं नाव वहीत लिहून घेतलं. पुढची सभा दिवाळीनंतर आहे.